कावेरीचा महासीर आणि लोणावळ्याची पिले

कावेरी नदी शिवनसमुद्राच्या धबधब्यांवरून खाली उतरली की तिचे रूप पालटते. वरच्या अंगाला मंड्या आणि म्हैसूरच्या ऊस-भाताच्या शेतांमधून संथ वाहणारी ही नदी येथून पुढे टेकड्यांच्या चिंचोळ्या खोऱ्यात शिरते, खडकांच्या रांगांमधून फेसाळत धावते, मध्येच एखाद्या खोल डोहात विसावते आणि दोड्डमक्कळी, भीमेश्वरी, गालीबोरे ही ठिकाणे मागे टाकत अर्कावती नदीच्या संगमापर्यंत व तेथून मेकेदाटूच्या घळीपर्यंत पोहोचते. बेंगळुरूपासून रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर असलेला नदीचा हा पट्टा विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत गळाने मासेमारी करणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांना परिचित झाला, आणि त्याचे कारण होते तेथे मिळणारा महासीर हा मासा. रोहू, कटला, मृगळ ज्या कुळातले त्याच कुळातला, पण मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि वेगवान प्रवाहात राहण्यासाठी घडलेला हा मासा गोड्या पाण्यातल्या सर्वांत ताकदवान माशांमध्ये गणला जातो.

गळाने मासे धरणे ही जगातल्या अनेक समाजांत पोटापाण्याची गोष्ट आहे, तशीच ती काही ठिकाणी ऋतुमानाने ठरवून दिलेली करमणूकही आहे. फिनलंड, रशिया, कॅनडा किंवा आल्प्स पर्वतातल्या तलावांवर हिवाळ्यात बर्फाचा थर साधारण १० सेंटिमीटरपर्यंत घट्ट झाला, म्हणजे माणसाचे वजन पेलण्याइतका झाला, की लोक त्यावर चालत जातात, हाताने फिरवायच्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि हातभर लांबीच्या काठीला बारीक दोर बांधून खालच्या पाण्यात आमिष नाचवत बसतात. त्यांना मिळतात ते पर्च, म्हणजे अंगावर उभे काळसर पट्टे असणारे आणि थव्याने फिरणारे मासे, व ट्राउट, म्हणजे थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यावाचून न जगणारे ठिपकेदार मासे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते व त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते, म्हणून तलाव वरून गोठतो, तळाशी पाणी द्रवच राहते आणि मासे तग धरून राहतात. या एका भौतिक नियमावर बर्फावरची सारी मासेमारी उभी आहे. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या बेंगळुरूत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १३ जानेवारी १८८४ रोजचे, त्यामुळे येथले तलाव गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ट्राउट मात्र दक्षिणेत आणला गेला. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाचे एकोणिसाव्या शतकातले प्रयत्न फसल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांनी निलगिरीतल्या ॲव्हलांच येथे इंद्रधनुषी ट्राउटची पैदास यशस्वी केली आणि त्या थंड ओढ्यांत तो मासा रुजला. निलगिरीच्या पायथ्याशी उतरले की ट्राउटचे राज्य संपते आणि महासीरचे सुरू होते.

या दोन माशांच्या पाण्यातला फरक समजून घेतला तर पुढच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप उलगडतात. शून्य अंशाच्या आसपासच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.६ मिलिग्रॅम. उत्तरेकडच्या ट्राउटला थंडी जो प्राणवायू पुरवते, तो महासीरला पाण्याच्या खळखळाटातून मिळवावा लागतो, कारण खडकांवर आपटणारे, हवेत मिसळून फेसाळणारे पाणीच उन्हाळ्यात श्वास घेण्याजोगे राहते. म्हणूनच मोठा महासीर वेगाच्या धारेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला किंवा धार जेथे डोहात उतरते तेथे उभा असतो, आणि म्हणूनच धरणामुळे नदी साचून राहिली की त्याच्या जगण्याची पहिली अटच धोक्यात येते. पावसाळ्यात पाणी चढले की हे मासे उगमाच्या दिशेने, उपनद्यांमध्ये वर सरकतात आणि स्वच्छ वाहत्या पाण्याखालच्या खडी-गोट्यांवर अंडी घालतात; अंडी जड असल्याने ती वाहून न जाता गोट्यांच्या फटींत स्थिरावतात. त्या फटींत गाळ भरला किंवा वाळू-खडी उपसली गेली तर प्रौढ मासे जिवंत असूनही पुढची पिढी जन्माला येत नाही. महासीरची वाढ संथ असते व मोठी मादी तयार व्हायला बरीच वर्षे लागतात, त्यामुळे एका वर्षाचे नुकसान पुढच्या वर्षी भरून निघण्याची सोय येथे नाही.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांमधल्या महासीरची ख्याती ब्रिटिश काळातच पसरली होती. मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी असलेल्या हेन्री सुलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळूरहून प्रसिद्ध केलेल्या 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथाने हा मासा इंग्रजी वाचकांपुढे आणला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इन्गेन घराण्यातील एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून अधिक वजनाचा महासीर गळाने धरला, आणि हा आकडा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. व्हॅन इन्गेन हे नाव प्राण्यांची कातडी पेंढा भरून टिकवण्याच्या व्यवसायामुळे सर्वज्ञात होते. शिकारीच्या ज्या संस्कृतीत वाघ आणि बिबटे येत होते, त्याच संस्कृतीत हा मासाही येत होता. स्वातंत्र्यानंतर ती संस्कृती ओसरली, नद्यांवर धरणे उभी राहिली, आणि डोहात सुरुंगाची कांडी फोडून लहानमोठे सगळे मासे एका दमात मारण्याची रीत सर्वत्र पसरली. या रीतीत पाण्याच्या हादऱ्याने माशांचे वाताशय फुटतात, बरेचसे मासे वर न येता तळाशीच कुजतात, आणि अंडी-पिलांसकट सगळा डोह रिकामा होतो. कावेरीतला महासीर संपला असे सत्तरच्या दशकात अनेक जाणकारांचे मत झाले होते. १९७७-७८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एका छोट्या पथकाने येथे मोठे मासे धरून दाखवले, तेव्हा हे मत खोटे ठरले आणि परदेशी हौशी लोकांची रीघ पुन्हा लागली.

या रिघेला वळण लावण्याचे काम बेंगळुरूतून झाले. १९७२ मध्ये शहरात स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने कावेरीचा एक पट्टा मत्स्यव्यवसाय खात्याकडून भाडेपट्ट्याने घेतला, परवान्याच्या शुल्कातून राखणदार नेमले आणि धरलेला प्रत्येक महासीर जिवंत सोडलाच पाहिजे असा नियम केला. पुढे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीने भीमेश्वरी, दोड्डमक्कळी आणि गालीबोरे येथे तंबूंच्या छावण्या चालवल्या. या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की नदीकाठच्या गावांतले जे लोक पूर्वी सुरुंगाने किंवा चोरून मासे मारत होते, त्यांच्यातलेच काही जण राखणदार व वाटाडे झाले. नदीचा प्रत्येक खडक, प्रत्येक भोवरा त्यांना पाठ होता. जे ज्ञान मासे मारण्यासाठी वापरले जात होते, त्याच ज्ञानाला आता मासे जिवंत ठेवण्याबद्दल पगार मिळू लागला. वनसंवर्धनाच्या क्षेत्रात स्थानिकांच्या सहभागाविषयी जे पुष्कळ बोलले जाते, त्याचे इतके साधे आणि चालते उदाहरण दक्षिण भारतात क्वचितच सापडेल.

मासेमारीची पद्धत या नदीने आणि या प्रदेशाच्या स्वयंपाकघराने मिळून घडवली होती. कर्नाटकात जिच्या पिठाचे मुद्दे, म्हणजे शिजवलेले गोळे, रोज जेवणात असतात ती नाचणी येथे आमिष म्हणूनही वापरली जाई: पीठ मसाला घालून शिजवायचे, घट्ट मळायचे, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा मोठ्या एकेरी गळाभोवती असा थापायचा की धारेत तो विरघळू नये, आणि शिशाचा तुकडा जोडून तो खडकांच्या फटीत तळाशी सोडायचा. याखेरीज नदीतले खेकडे आणि लहान मासेही आमिषाला चालत. महासीर चावतो तो घशातल्या दातांनी. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशाच्या हाडांवर दातांच्या रांगा असतात व त्यांनी तो खेकड्याचे कवच सहज भरडतो, त्यामुळे हलक्या प्रतीचा गळ तो वाकवून किंवा मोडून टाकतो. आमिष तोंडात घेतल्यावर पहिल्या झेपेत हा मासा धारेबरोबर खाली सुटतो आणि रिळावरची तंगूस शेकडो फूट ओढून नेतो. तंगूस खडकावर घासली की तुटते, म्हणून वाटाड्या लगोलग हरिगोल पाण्यात ढकलतो. बांबूच्या कामट्यांची, तळाला पूर्वी चामडे आणि आता ताडपत्री किंवा प्लास्टिक लावलेली ही गोल होडी कावेरीकाठी शतकानुशतके वापरात आहे. एका वल्ह्यावर ती गिरकी घेत खडकांमधून जाते आणि मासा जेथे अडकला असेल तेथे नेऊन पोहोचवते. कोकणात गरी टाकून खाडीत मासे गरवणाऱ्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, फरक आहे तो माशाच्या आकाराचा आणि शेवटी त्याला सोडून देण्याचा.

सोडणे हेही कसब आहे, आणि त्यात हयगय झाली तर सोडलेला मासा तासाभरात मरतो. दमलेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साठलेले असते, कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, अशा वेळी त्याला काठावर उचलून छायाचित्रांसाठी रेंगाळत ठेवणे म्हणजे त्याचा श्वास रोखून धरणे होय. म्हणून गळाचे उलटे टोक, ज्यामुळे गळ मांसात रुतून राहतो, ते चिमट्याने दाबून टाकावे, मासा पाण्यातच ठेवावा, आणि तो स्वतःच्या बळावर शेपटी मारून निघेपर्यंत त्याचे तोंड धारेकडे करून त्याला दोन्ही हातांनी आधार द्यावा, अशी शिस्त येथल्या वाटाड्यांनी अंगी बाणवली होती. मोसमही नदीनेच ठरवला होता: पावसाळा ओसरून पाणी निवळले की डिसेंबर-जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, जेव्हा नदी उतरते आणि मासे डोहांत एकवटतात. वरच्या धरणातून शेतीसाठी अचानक पाणी सोडले तर एका रात्रीत नदी चढे आणि मासेमारी थांबे.

या छावण्यांमध्ये एक वही ठेवलेली असे, तीत कोणी किती तास गळ टाकला, किती महासीर मिळाले आणि त्यांचे वजन किती, हे लिहिले जाई. करमणुकीचा हिशोब म्हणून ठेवलेल्या या नोंदी पुढे विज्ञानाच्या कामी आल्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी गालीबोरे येथल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींचे विश्लेषण करून २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. या काळात एकूण २३,६२० तास मासेमारी झाली आणि ६,१६१ महासीर धरून सोडले गेले, म्हणजे साधारण चार तासांना एक. त्यांचे वजन अर्ध्या किलोपासून ४६.८ किलोपर्यंत होते. वर्षागणिक तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली आणि सरासरी वजन घटत गेले. वजन घटणे हे येथे वाईट लक्षण नव्हते, कारण त्याचा अर्थ लहान मासे मोठ्या संख्येने येत होते, नदीत पैदास होत होती आणि सुरुंग थांबवणारी राखण फळाला येत होती. भारतातल्या कोणत्याही नदीतल्या एका माशाविषयी इतक्या दीर्घ काळाची, एकाच जागची आणि एकाच पद्धतीने घेतलेली माहिती मिळणे दुर्मीळ आहे.

मात्र त्याच नोंदी माशांच्या जातीनुसार वेगळ्या करून पाहिल्यावर दुसरेच चित्र पुढे आले. गालीबोरेत दोन प्रकारचे महासीर मिळत होते. एकाचे पर निळसर, तर दुसऱ्याचे पर नारिंगी आणि डोक्यामागे पाठीवर उंच कुबड. कावेरीला जगभर नाव मिळवून देणारे प्रचंड मासे हे दुसऱ्या प्रकारचे. संख्या वाढत होती ती निळ्या परांच्या माशांची. कुबडाचे मासे वर्षागणिक कमी होत होते, आणि जे मिळत होते ते मोठे, वयस्क मासे होते. त्यांची पिले जवळजवळ दिसतच नव्हती. एखाद्या गावात म्हातारी माणसे तेवढी उरावीत आणि पाळणा हलू नये, तशी ही अवस्था होती.

ही कथा महाराष्ट्राशी घट्ट जोडलेली आहे, आणि मराठी वाचकाने ती नीट समजून घ्यावी अशी आहे. निळ्या परांचा महासीर म्हणजे शास्त्रीय भाषेत टॉर खुद्री, दख्खनी महासीर. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या माशावरून. त्याच लेखात साइक्स यांनी शिरूरजवळच्या घोड नदीतल्या आणखी एका माशाचे वर्णन मुसल्ला या नावाने केले होते, आणि पुढे दीर्घकाळ कावेरीतल्या कुबडाच्या माशाला हेच नाव लावले गेले. अलीकडच्या संशोधनात असे दिसून आले की साइक्स यांचा घोड नदीतला मासा मुळात महासीरच नव्हता, तो हायप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला होता. परिणामी कावेरीतला सर्वांत प्रसिद्ध मासा शास्त्रीय नावाविना उरला. संरक्षणाचे कायदे, आंतरराष्ट्रीय लाल यादी, संशोधनाचा निधी या साऱ्या गोष्टी नावाने ओळखलेल्या जातीभोवती फिरतात. नाव नसलेल्या माशाला त्यात जागा नसते, मग तो मणभर वजनाचा का असेना.

दुसरा धागा लोणावळ्याचा आहे. १९१५ पासून खोपोलीला वीज निर्माण करणाऱ्या टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी घाटमाथ्यावर वळवण, शिरवटा, लोणावळा आणि पुढे टाटांच्याच इतर प्रकल्पांसाठी मुळशी, ठोकरवाडी ही जलाशये बांधली गेली आणि त्यांत दख्खनी महासीर टिकून राहिला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याची धुरा सांभाळलेले सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यासह एस. एन. ओगले यांनी वळवणच्या काठी या माशाच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र बसवले. पावसाळ्यात जलाशयात वर सरकणाऱ्या तयार माद्या धरायच्या, पोटावरून हलक्या हाताने दाब देऊन अंडी कोरड्या भांड्यात काढायची, त्यांत नराचे रेत मिसळून मग पाणी घालायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याखालच्या ताटांत पसरायची; थंड पाण्यातल्या ट्राउटच्या अंड्यांना फुटायला अनेक आठवडे लागतात, तर महासीरची अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. देशातल्या नद्यांमधून महासीर नाहीसा होत असताना लाखोंच्या संख्येने पिले तयार करण्याची ही सोय म्हणजे मोठेच काम होते, आणि त्याचे मोल आजही कमी होत नाही. लोणावळ्याची पिले अनेक राज्यांना दिली गेली. कर्नाटकानेही ती घेतली, आणि महासीर वाढावा या शुद्ध हेतूने ती कावेरीत सोडली गेली.

त्या काळी महासीर म्हणजे महासीर, एवढाच विचार प्रचलित होता. मुळा-मुठेच्या आणि इंद्रायणीच्या पाण्यातल्या माशाची पिले कावेरीत सोडणे म्हणजे परक्या जातीला आत घेणे होय, हे कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते, कारण कावेरीतली जात वेगळी आहे हेच निश्चित झालेले नव्हते. सोडलेला मासा चिवट निघाला, साचलेल्या पाण्यातही जुळवून घेणारा निघाला आणि राखण असलेल्या पट्ट्यात वेगाने वाढला. त्याने कुबडाच्या माशाला अन्नासाठी आणि अंडी घालण्याच्या जागांसाठी स्पर्धा करून मागे रेटले, की त्याच्याशी संकर होऊन मूळ रक्त पातळ झाले, याविषयी संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत. धरणे, वाळूउपसा आणि प्रदूषण यांचा वाटाही त्यात आहेच. हेतू चांगला असला तरी जात न ओळखता केलेली मदत नदीला किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतीय नद्यांच्या इतिहासात शोधून काढणे कठीण.

नावाचा तिढा जून २०१८ मध्ये सुटला. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत धरलेल्या कुबडाच्या माशांचे मोजमाप आणि जनुकीय तपासणी करून 'प्लॉस वन' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवले, की केरळातल्या चिन्नार अभयारण्यातून वाहणाऱ्या पांबार नदीतून २००७ मध्ये ज्या लहान माशांचे टॉर रेमादेवी या नावाने वर्णन झाले होते, ते आणि कावेरीतले अजस्र कुबडधारी मासे एकाच जातीचे. पांबारचे पाणी अमरावती नदीमार्गे कावेरीलाच मिळते, त्यामुळे भूगोलही या निष्कर्षाशी जुळतो. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त, म्हणजे निसर्गातून नामशेष होण्याच्या अगदी आधीच्या वर्गात केली. दख्खनी महासीर मात्र त्याच सुमारास संकटग्रस्त वर्गातून काढून चिंतामुक्त वर्गात टाकला गेला. एका माशाची सुटका आणि दुसऱ्याची शेवटची घंटा एकाच वेळी जाहीर झाली, आणि दोन्ही सामान्य भाषेत महासीरच असल्याने बाहेरच्या माणसाला हा फरक कळलाही नाही.

तोपर्यंत नदीवरचे गळ थांबलेले होते. कावेरीचा हा पट्टा १९८७ मध्ये घोषित झालेल्या कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राणी धरणेही मोडते. धरून सोडला तरी तो धरलाच, या अर्थाने २०१२ मध्ये येथली गळाची मासेमारी पूर्ण बंद झाली व छावण्या निसर्ग-पर्यटनाकडे वळल्या. या निर्णयामागचा युक्तिवाद हलका नाही. अभयारण्यात काठावरच्या गरीब कोळ्याला जाळे टाकू द्यायचे नाही आणि परदेशातून विमानाने आलेल्या पाहुण्याला मात्र करमणुकीसाठी मासा दमवू द्यायचा, यात न्याय कोणता, हा प्रश्न योग्य आहे. शिवाय सोडलेल्या माशांपैकी काही मरतातच. तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जे होते ते अधिक जड होते असेच म्हणावे लागते. परवान्याचे पैसे थांबल्यावर राखणदारांचे पगार थांबले, हंगामभर काठावर असणारी माणसे उठून गेली, आणि सुरुंग व जाळी परतल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्याहून मोठी हानी अशी, की कुबडाचा मासा उताराला लागला आहे हे ज्या वहीने सांगितले, ती वहीच नेमक्या त्या क्षणी बंद झाली. गढूळ, खोल, मगरी असलेल्या नदीत मासे मोजण्याचे दुसरे साधन सोपे नाही. वाघाची पावले चिखलात उमटतात, त्याची छायाचित्रे झाडाला बांधलेला कॅमेरा घेतो, महासीरच्या बाबतीत ही सोय नसते.

माशांना मनाई करून वाचवण्याची दुसरी, अधिक जुनी रीत या देशात आहे आणि ती देवळांची आहे. तुंगेच्या काठी शृंगेरीला, कावेरीच्या काठी रामनाथपूरला आणि दक्षिण कन्नडमधल्या शिशिला येथे घाटाच्या पायऱ्यांशी महासीरांचे थवे हातभर अंतरावर येतात. महाराष्ट्रात महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या आश्रयाने राहणारे देवमासे आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहातले मासे याच परंपरेतले आहेत. तेथे राखण श्रद्धेची असल्याने पगाराचा प्रश्न येत नाही, पण डोहाच्या वर आणि खाली नदी कशी आहे यावर देवळाचा ताबा चालत नाही.

बेंगळुरूचा या नदीशी असलेला संबंध केवळ सुट्टीच्या सहलीचा नाही. १९७४ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या योजनांमधून हे शहर शिवनसमुद्राच्या परिसरातून कावेरीचे पाणी शेकडो मीटर उंच चढवून पिते, आणि वापरलेल्या पाण्यातले बरेचसे वृषभावती व अर्कावती या नद्यांमधून, कारखान्यांच्या सांडपाण्यासह, संगमापाशी पुन्हा त्याच कावेरीत सोडते. म्हणजे महासीरच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पाणी उचलले जाते आणि खालच्या टोकाला घाण परत येते. शहरात उरलेल्या हौशी मासेकऱ्यांना आता कटला, रोहू, मरळ आणि तिलापिया यांच्यावर समाधान मानावे लागते. मार्च २०१६ मध्ये हलसूर तलावात मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगला, तेव्हा प्राणवायू संपलेले पाणी कसे असते ते सगळ्या शहराने पाहिले. त्यातच मेकेदाटू येथे सुमारे ६७ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या धरणाचा प्रस्ताव आहे. ते झाले तर अभयारण्यातली हजारो हेक्टर जमीन बुडेल आणि संगमाच्या वरच्या धारा व खडक पाण्याखाली जाऊन तेथे जलाशय उभा राहील. वळवणच्या जलाशयात शतकभर नांदलेला दख्खनी महासीर तेथेही नांदेल. धारेशिवाय श्वास न घेणाऱ्या कुबडाच्या माशासाठी तसे म्हणता येत नाही.

या माशासाठी काय करता येईल, याचा आराखडा आधीच्या अनुभवातूनच निघतो. मोयारसारख्या नद्यांत उरलेल्या माशांपासून, जनुकीय तपासणीने जात पक्की केल्यावरच, पैदास करावी लागेल, आणि त्यासाठी लोणावळ्यात कुलकर्णी-ओगले यांनी बसवलेले तंत्र हाताशी आहे; दख्खनी महासीरची पिले कावेरीत सोडणे मात्र कायमचे थांबले पाहिजे. त्याबरोबर वन खाते, मत्स्यव्यवसाय खाते आणि संशोधक यांच्या देखरेखीखाली, मोजक्या परवान्यांवर, जुन्या वाटाड्यांना पगारी नेमून गळ पुन्हा टाकू द्यावा: पावसाळ्यात, म्हणजे अंडी घालण्याच्या काळात, पूर्ण बंदी, धरलेल्या प्रत्येक माशाची लांबी, घेर आणि परांचा रंग यांची नोंद, पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा तपासणीसाठी, पाठीच्या पराशी क्रमांकाची खूण, आणि मासा पाण्याबाहेर न काढता पुन्हा धारेत.